आपल्या वाडीची जाळरेषा

(सामुदायिक रेडिओवर मार्गशीर्ष महिन्यात झालेलं भाषण)

मार्गशीर्षातला गुरुवार आहे. घट मांडून झाला असेल, कहाणी वाचून झाली असेल. आता जरा टेकला असाल तर वीस मिनिटं माझ्यासाठी काढा. बोलायचंय वणव्याबद्दल. तुम्ही म्हणाल, बाहेर थंडी पडलीय, डोंगर अजून अर्धा हिरवा आहे, आणि ही बाई आत्ताच वणवा कुठून घेऊन आली? तर त्याचं कारण असं, की फेब्रुवारीत वणवा लागल्यावर बोलून फारसा उपयोग नसतो. तेव्हा नुसती पळापळ करायची असते. करण्यासारखं जे काही आहे ते आत्ता, पौष संपायच्या आत करायचं असतं.

मी ग्रामसेविका म्हणून मुळशी आणि वेल्हे तालुक्यांत सव्वीस वर्षं नोकरी केली. आता पुण्यात वारज्याला मुलाकडे राहते. फेब्रुवारी सरत आला की रात्री गच्चीवरून सिंहगडाच्या बाजूच्या डोंगरांवर आगीची लाल रेघ दिसते. सोसायटीतली मुलं तिचे मोबाइलवर फोटो काढतात. मला मात्र त्या रेघेखाली कुठली वाडी असेल, हेच सुचत राहतं.

कारण आमच्या वाडीत मी ते बघितलंय. वाडी वेल्ह्याच्या बाजूला, माझं सासर. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, होळी आठवड्यावर आली होती. भर दुपारी दीड-दोनची वेळ. वाडीत पुरुषमाणूस कोण असणार त्या वेळी? कोणी पिरंगुटला कंपनीत, कोणी पुण्यात रिक्षावर, कोणी हायवेच्या हॉटेलात. घरी आम्ही बाया, म्हातारी माणसं आणि अंगणवाडीतली पोरं. ओढ्याच्या अंगानं आग वर चढायला लागली. आम्ही वीस-बावीस जणी ओले डहाळे तोडून धावलो. गवत झोडपलं, हातापायांना चटके बसले, केस जळाले. पण खरं सांगायचं तर आग आम्ही थांबवलीच नाही. ती थांबली दोन वावरं पलीकडे, कारण तिथं एकाचं नांगरून ठेवलेलं ढेकळाचं रान होतं. जळायला काही उरलंच नाही. आम्ही सुटलो म्हणून खाली बसलो, कळशीतलं पाणी प्यायलो आणि मागं वळून बघतो तर माझ्या चुलत जाऊबाईंच्या कौलांतून धूर निघतोय.

आग घराला शिवली नव्हती. मधे दोन वावरं होती. मग घर पेटलं कसं? बरेच दिवस वाडीत याच गोष्टीची चर्चा होती. कोणी म्हणालं कुणीतरी मुद्दाम लावली, कोणी देवाचा कोप म्हणालं. नेमकं काय झालं असावं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वणव्याच्या ज्वाळेबरोबर वर गरम वारा उठतो आणि तो जळकी पानं, गवताच्या काड्या, सालीचे तुकडे उचलून पुढं फेकतो. ते तुकडे निखाऱ्यासारखे असतात. जाऊबाईंचं घर कौलारू, दोन कौलांच्या मधे फट असतेच. माळ्यावर जनावरांसाठी भाताचा पेंढा भरलेला. वळचणीला गोवऱ्या रचलेल्या. त्यात एक निखारा पडला की पुरे. दोन वासरं गेली, बियाण्याचा भात गेला, थोरल्या मुलीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी काळी ठिक्कर पडली. पेटीतले कागद गेले. जाऊबाई स्वतः आमच्याबरोबर डोंगरावर डहाळी घेऊन झोडपत होत्या, म्हणून त्या वाचल्या. घर मात्र त्यांच्या पाठीमागं जळत होतं.

ही काही फक्त आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पॅराडाइज नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये ते जवळजवळ सगळं जळालं, ८५ माणसं गेली. त्यानंतरच्या फोटोंत घरांची राख दिसते आणि तिच्या शेजारी हिरवी झाडं तशीच उभी दिसतात. म्हणजे जंगलाची आग घरांवरून चालत गेली नाही, ठिणग्यांनी घरं पेटवली आणि एका घरानं दुसरं पेटवलं. त्या राज्यात असा कायदाच आहे की वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर घराभोवती १०० फूट जागा वाळल्या गवत-काडीपासून मोकळी ठेवायची. मालकानं ठेवायची. आपल्याकडे असं काही आहे का?

सरळ उत्तर, असा वेगळा नियम मी माझ्या नोकरीत कुठल्या गावाच्या दप्तरात पाहिला नाही. आता बघा, नदीला पूररेषा असते. पुण्यात आणि आसपास सगळ्यांना निळी रेषा, लाल रेषा हे शब्द पाठ झालेत. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही, हे प्लॉट विकणारा एजंटसुद्धा नाइलाजानं का होईना, कबूल करतो. येलो झोन म्हणजे राहायचा, ग्रीन झोन म्हणजे शेतीचा, हेही आता आपल्या बचत गटातल्या बाईला कळतं, कारण आजूबाजूची जमीन विकली जातेय. पण त्या रंगीत नकाशात वणव्याची रेषा नसते. वनखात्याच्या जंगलात असते, तिला जाळरेषा म्हणतात. उन्हाळ्याआधी खात्याची माणसं ठरलेल्या पट्ट्यातलं गवत स्वतःच काढून नाहीतर जाळून टाकतात, म्हणजे आग आली तर तिथं अडते. ही रेषा जंगल वाचवायला असते. ती आपल्या गोठ्यापाशी येऊन थांबेल असं नाही. गावठाण आणि जंगल यांच्या मधे जो मालकीचा, गायरानाचा, पडीक रानाचा पट्टा आहे, तो कुणाच्याच हिशेबात नाही. आणि आग येते ती तिथूनच.

पूर्वी या पट्ट्याची काळजी करावी लागत नव्हती. आमच्या सासूबाई सांगायच्या, वाडीच्या लगत उतारावर नाचणी, वरई असायची, सुगीनंतर ते रान उघडं पडायचं. गायरानात गुरं चरून गवत बोटभर ठेवायची. आता वरई कोण करतो? गुरं चारातली एक राहिली. रान पडीक पडलं आणि कुसळी कमरेइतकी वाढते, वर घाणेरी आणि रानमोडी माजलीय. त्यातच प्लॉट पडलेत. पुण्यातल्या माणसानं घेतलेला प्लॉट, तारेचं कुंपण, गेटला कुलूप आणि आत छातीइतकं वाळकं गवत. मालक वर्षातून दोनदा येतो. मी त्यांना दोष देत नाही, माझ्याच सोसायटीत असे तिघे आहेत. पण त्यांना माहीतच नसतं की ते गवत म्हणजे वाडीच्या उशाशी ठेवलेला रॉकेलचा डबा आहे.

आता कायद्यात आपल्या हातात काय आहे ते सांगते. जरा कागदी वाटेल, पण ऐका.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणात घर बांधायचं तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. परवानगीच्या वेळी नकाशा समोर असतो. त्याच वेळी विचारता येतं की शेजारच्या घरापासून अंतर किती, गोठा कुठं, पाण्याचा टँकर आत वळेल का. आजवर आपण विचारत नव्हतो, एवढंच. गावठाणाच्या बाहेर मात्र ग्रामपंचायतीचा शिक्का चालत नाही. हवेली, मावळ, मुळशी आणि वेल्हे-भोरच्या बऱ्याच भागात ते काम पीएमआरडीएकडे आहे, इतर ठिकाणी महसूल आणि नगररचना खात्याकडे. आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीवर, आराखड्यात बसत असेल तर, राहण्याचं बांधकाम करणं सोपं झालंय. सोय चांगली आहे, गावठाणात जागा उरलीच नव्हती. पण डोंगराळ गावात हे २०० मीटर म्हणजे नेमका तोच गवताचा पट्टा. तिथं घर जाणार असेल तर त्याच्याभोवती काय असावं, हे आत्ताच बोलून घेतलेलं बरं.

आणखी एक नियम डोंगरउताराचा आहे. एकास पाच किंवा त्याहून जास्त चढ असलेल्या जागेवर बांधकाम करायला आपल्या राज्याच्या नियमावलीत मनाई आहे. एकास पाच म्हणजे पाच फूट आडवं चालताना एक फूट वर चढणं. हा नियम वणव्यासाठी केलेला नाही, पण वणव्याला तो बरोबर लागू पडतो. चुलीपाशी करून बघा. काडीचं खालचं टोक पेटवून ती उभी धरली तर जाळ भराभर वर चढतो आणि बोटं भाजतात. आडवी धरली तर सावकाश जळते. डोंगराचंही तसंच. साधारण दहा अंशांचा चढ वाढला की आगीचा वेग दुप्पट होतो असा अनुभवाचा आडाखा आहे. एकास पाच म्हणजे अकरा अंश. तेव्हा उतारावर माचीसारख्या जागी, खाली गवताचा लोंढा ठेवून, देखावा छान दिसतो म्हणून बांधलेलं घर सगळ्यात आधी सापडतं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवतं ना? ३० जुलै २०१४च्या पहाटे डोंगर गावावर आला, १५१ माणसं गेली. त्यानंतर डोंगराखालच्या घराबद्दल आपण पावसाळ्यात तरी विचार करायला लागलो. उन्हाळ्यातही तोच डोंगर आपल्या डोक्यावर असतो.

हे झालं सरकारी. आता ग्रामसभा. वर्षातून चार तरी ग्रामसभा व्हायच्याच असतात, त्यातली एक २६ जानेवारीला. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. मी नोकरीत असताना किती महिला सभा नुसत्या सह्यांवर झाल्या, ते मला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला बोलावून वही फिरवायची, झाली सभा! माझ्याही हातून असं झालेलं आहे. पण तीच सभा खरी घेतली आणि तिथला विषय प्रोसिडिंगच्या वहीत लिहून ग्रामसभेपुढं ठेवला, तर तो टाळणं सरपंचाला अवघड जातं.

आमच्या वाडीत आम्ही तेच केलं. जाऊबाईंचं घर जळाल्यानंतरच्या पौषात. पहिल्यांदा ग्रामसभेत कोणी मनावर घेतलं नाही. एक भाऊजी म्हणाले, "वहिनी, वणवा काय ठरावानं विझतो का?" हशा पिकला. तेव्हा जाऊबाई उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं घर जळत होतं तेव्हा भाऊजी, तुम्ही कुठं होता?" ते कामावर होते बिचारे, त्यांचा काय दोष. पण मुद्दा सगळ्यांना कळला. दुपारी वाडीत ज्या असतात, ठराव त्यांनीच करायचा.

ठरावात काय घेतलं? मुख्य म्हणजे रेषा. वाडीच्या सगळ्यात बाहेरच्या घरांपासून मोजून, सुतळी लावून, चुन्याची फक्की टाकून आम्ही एक पट्टा आखला. उताराच्या म्हणजे खालच्या अंगाला चाळीस फूट, कारण आग खालून वर चढते. बाकीच्या बाजूंना वीस-पंचवीस फूट. वरच्या बाजूनं आग सावकाश उतरते, पण जळकी लाकडं, ओंडके गडगडत येतात, म्हणून तिथं जुन्या बांधाचा चर साफ करून घेतला. पट्ट्यातलं गवत संक्रांतीपर्यंत कापायचं आणि उचलायचं. उचलायचं हे लक्षात ठेवा, पहिल्या वर्षी आम्ही कापून तिथंच पसरून ठेवलं होतं. वाळल्यावर ते आणखीच छान पेटलं असतं. कापलेलं गवत ज्याच्या रानातलं त्याला द्यायचं, हे आधीच ठरवलं, त्यामुळे एकाही मालकानं हरकत घेतली नाही. झाडं तोडायची नाहीत. आंबा, फणस, करंज जागेवरच ठेवायचे, फक्त जमिनीलगतच्या वाळक्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत साफ करायच्या आणि खालचा पालापाचोळा ओढून खतात टाकायचा. आणि जिथं वनखात्याची हद्द सुरू होते तिथं आपण विळा लावायचा नाही, वनरक्षकाला बोलवायचं. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेला त्या जंगलाचं रक्षण करायचा अधिकार आहे. तो वापरा, पण खात्याला बरोबर घेऊन.

सगळ्यात जड गेलं ते पेंढ्याचं. गंज घरापासून तीस फूट लांब हवी, माळ्यावर पेंढा नको, वळचणीला गोवऱ्या आणि सरपण नको, असं म्हणायला सोपं. पहाटे पाचला अंधारात म्हशीला वैरण आणायला तीस फूट कोण जाणार? बायाच ना! त्यावरून महिला सभेतच भांडण झालं. शेवटी असा तोडगा निघाला की जुन्या खळ्यावर सगळ्यांच्या गंजी रचायच्या, दोन गंजींच्या मधे बैलगाडी जाईल एवढं अंतर, आणि गोठ्यात फक्त चार-पाच दिवसांची वैरण ठेवायची. सरपण पावसाळ्यात पडवीत चालेल, पण शिमग्याआधी बाहेर. पहिल्या वर्षी निम्म्या घरांनी ऐकलं. नंतर बाकीच्यांनी. दोन घरं अजूनही ऐकत नाहीत, त्यांची नावं मी रेडिओवर सांगत नाही.

मग राब. मावळ-मुळशीतल्या मैत्रिणींना हा विषय नाजूक आहे, मला माहीत आहे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजायचं, हे आपल्या वाडवडिलांपासून चालत आलंय. तणाचं बी मरतं, रोप जोमानं येतं. राब करू नका असं मी म्हणणार नाही. पण बरेच वणवे राबाच्या बांधावरूनच सुटतात. आम्ही एवढंच ठरवलं की ज्या दिवशी राब भाजायचा तो दिवस आधी वाडीत सांगायचा, सकाळी नऊच्या आत, वारा नसताना, चार माणसं आणि दोन पिंपं पाणी जवळ ठेवून. आणि जमेल तितके राब होळीच्या आतच उरकायचे, म्हणजे एप्रिलच्या वाऱ्यात कुणी काडी ओढणार नाही. डोंगर मुद्दाम पेटवणं मात्र वेगळं. जाळल्यानं गवत चांगलं येतं असं काही जण म्हणतात. कोवळा फुटवा लवकर दिसतो, हे खरं. पण दरवर्षी जाळलेल्या माळावर मारवेल आणि पवना कमी होतो आणि कुसळीच उरते, हे गुरं राखणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

उत्तराखंडमध्ये अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत नावाचं ठिकाण आहे. तिथल्या बायकांनी असंच काहीतरी केलंय. तिकडे शेताच्या कडेचं काटेकुटे, झुडपं गोळा करून जाळतात, त्याला ओण म्हणतात. आपल्या राबाची बहीणच ती. तिथूनच आग चीडच्या जंगलात शिरायची. मग गावांनी ठरवलं की ओण ३१ मार्चच्या आत जाळून संपवायची आणि १ एप्रिलला ओण दिवस पाळायचा. त्यानंतर उन्हाळाभर शेतात आग नाही. यात महिला मंडळं पुढं होती. त्या राज्याच्या सरकारनंही पुढं ही पद्धत इतर गावांत नेली. जाळायला बंदी नाही, जाळण्याला तारीख दिली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. सरसकट बंदी घातली की लोक रात्री लपून जाळतात.

बंद प्लॉटच्या मालकांना आम्ही ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्रं पाठवली. दंडाची भाषा मी लिहू दिली नाही. दंड म्हटलं की माणूस वकिलाकडे जातो. पत्रात लिहिलं, तुमच्या प्लॉटमधलं गवत २० जानेवारीपर्यंत काढा, जमत नसेल तर आमचा बचत गट मजुरीवर काढून देईल, दर असा. सातातल्या पाचांनी गटालाच काम दिलं. गटाला पैसे मिळाले, मालकाला फेरी वाचली. सहावा स्वतः माणसं घेऊन आला. सातव्या साहेबांचं उत्तर नाही, तेव्हा त्यांच्या कुंपणाबाहेरून आम्ही पट्टा दुप्पट रुंद केला. एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून मागून घ्या, गेटची एक किल्ली. आत विहीर असते, बोअर असतो, आणि आगीच्या वेळी कुलूप तोडायला कुणाकडे घण नसतो.

रस्त्याचंही बोलले पाहिजे. पोर्तुगालमध्ये जून २०१७मध्ये पेद्रोगाओ ग्रांदे भागात मोठा वणवा लागला, ६६ माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतून पळताना एकाच रस्त्यावर सापडली. ती गावं आपल्यासारखीच, तरुण शहरात गेलेले, घरात म्हातारी माणसं. तिथं घराभोवती ५० मीटर आणि वस्तीभोवती १०० मीटर पट्टा साफ ठेवायचा नियम होता, पण पाळत नव्हते. त्या वणव्यानंतर सरकार हात धुऊन मागं लागलं. आणि गावोगावी आग आली तर कुठं जमायचं ती जागा आणि लोकांना हाक मारणारं एक माणूस, असं ठरवून ठेवायला लागले. आपल्या वाड्यांनाही एकच रस्ता असतो. आमची जमायची जागा ठरली शाळेचं पटांगण. तिथं माती आहे, गवत नाही, टाकी आहे. म्हाताऱ्यांना आणि पोरांना कोणी न्यायचं तेही नावानिशी ठरलं. सासूबाईंना नेणारी सून ठरली ती त्या दिवशी डोंगरावर जायची नाही.

डोंगरावर जाणाऱ्यांनी नायलॉनची साडी नेसून जाऊ नये. सुती नेसा, पदर खोचा, पायात चप्पल नाही तर बूट घाला. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहून झोडपायचं नाही, कडेनं झोडपत जायचं, जळून गेलेला काळा भाग पाठीशी ठेवून. समोरून उलटी आग लावायची असेल तर वनरक्षक असल्याशिवाय लावू नका. आणि फोन. १९२६ हा वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर, १०१ अग्निशमनाचा. लोक फोन करायला घाबरतात, आपल्यावरच आळ येईल म्हणून. वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, तसंच जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करावी, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा फोन करणारी बाई कायद्याच्याच बाजूला उभी असते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग हेरून मोबाइलवर संदेश पाठवते. त्यासाठी आपलं नाव नोंदवता येतं, गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला सांगा.

शेवटी एक गोष्ट राहतेय, जाऊबाईंच्या कागदांची. घर जळाल्यावर पंचनामा झाला, पण मदतीचं प्रकरण अडकलं, कारण घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये मेलेल्या सासऱ्यांच्या नावावर. गोठ्याची तर नोंदच नव्हती. कुठल्या कचेरीत किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. तेव्हा या महिन्यात ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या घराचा उतारा बघा. नवरा-बायको दोघांचं नाव लावून घ्या, गोठा, पडवी सगळं नोंदवा. आधार, रेशनकार्ड, पासबुक यांची एक झेरॉक्स माहेरी किंवा गटाच्या कपाटात ठेवा. मोबाइलवर घराचे आतले-बाहेरचे फोटो काढून पुण्यातल्या पोराला पाठवून ठेवा.

आणि ठराव नुसता लिहून होत नाही, दरवर्षी लिहावा लागतो. चुन्याची रेघ पावसात धुऊन जाते. म्हणून आम्ही ते काम 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यातही घालायला सांगितलंय. यंदा मंजूर होतंय का बघू, मागच्या वर्षी राहिलं. महिला सभा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. जाऊबाईंनी नवं घर बांधलं, पत्र्याचं, वळचण रिकामी ठेवलीय, गोठा लांब नेलाय. माळा ठेवलाच नाही. उन्हाळ्यात पत्रा तापतो म्हणून कुरकुरतात, पण पेंढा काही घरात आणत नाहीत.

पुढच्या गुरुवारी उद्यापन झालं की शनिवारी सुतळी आणि चुना घेऊन रेषा आखायला निघायचं ठरलंय. मीही स्वारगेटहून सकाळच्या वेल्ह्याच्या एसटीनं जातेय. नमस्कार.